अमूर्त छायाचित्रण आणि स्थळाचे भान : नसरीन मोहमदी यांच्या छायाचित्रांच्या संदर्भात

प्रास्ताविक

निसर्गातील प्रकाश आणि भूदृश्य टिपताना छायाचित्रकार ओळखीचे आकार टाळू लागला, की त्याच्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कॅमेरा हे नोंद घेणारे यंत्र आहे. त्याने चित्रकलेची नक्कल करून वास्तवाकडे पाठ फिरवू नये, असा तो आक्षेप होय. प्रस्तुत लेखात नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांच्या छायाचित्रांच्या आधारे या आक्षेपाची तपासणी केली असून त्यातून हाती येणारे निकष अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या परिसराला लावून पाहिले आहेत.

पार्श्वभूमी

पाश्चात्त्य छायाचित्रणात अमूर्ततेचा विचार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्पष्ट झाला. पॉल स्ट्रँड यांनी १९१६ मध्ये घराच्या ओसरीवर पडलेल्या सावल्यांची छायाचित्रे घेतली. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून ढगांची छायाचित्रे घेतली व पुढे त्यांना ‘इक्विव्हॅलंट्स’ असे नाव दिले. ढगाचे चित्र हे मनोवस्थेशी समतुल्य असते, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजेच येथे निसर्ग हे निमित्त व छायाचित्रकाराचे मन हा विषय ठरतो.

मोहमदी यांचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यांचा जन्म कराचीचा. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. लंडन व पॅरिस येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. मुंबईतील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा वासुदेव गायतोंडे यांच्याशी परिचय झाला. १९७२ पासून अखेरपर्यंत त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. रायगड जिल्ह्यातील किहीमचा किनारा त्यांच्या आयुष्याशी दीर्घकाळ जोडलेला होता आणि त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांची ओळख मुख्यतः शाई व पेन्सिलीच्या सूक्ष्म रेखाचित्रांमुळे आहे. छायाचित्रे मात्र त्यांनी हयातीत प्रदर्शित केली नाहीत. ती २००३ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनातून प्रथमच स्वतंत्रपणे पाहावयास मिळाली.

छायाचित्रांचे स्वरूप

ही छायाचित्रे कृष्णधवल असून बहुतेकांना शीर्षक नाही. ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या पाण्याच्या रेषा, रस्त्यावरील पट्टे, मागावर ताणलेले सूत, फतेहपूर सिक्रीतील दगडी पृष्ठभाग व त्यांवरील सावल्या हे त्यांचे विषय. क्षितिज वगळल्यामुळे अंतराचा व आकारमानाचा अंदाज लागत नाही. समोर दिसते ते हातभर वाळूचे क्षेत्र आहे की विस्तीर्ण किनारा, हे प्रेक्षकास चटकन ठरविता येत नाही. माणसे तर जवळजवळ नाहीतच.

काही समीक्षक या छायाचित्रांकडे रेखाचित्रांची पूर्वतयारी म्हणून पाहतात. कलावतीने ती स्वतःपुरतीच ठेवल्याने या मतास आधार मिळतो, हे मान्य करावे लागेल. तथापि हे मत पुरेसे नाही. रेखाचित्रातील रेषा कलावंत आखतो. छायाचित्रातील रेषा भरती-ओहोटीने, उताराने व तिरप्या उन्हाने आखलेली असते. सूर्य माथ्यावर असता वाळूवरील उंचसखलपणा नाहीसा होतो; तो क्षितिजाकडे झुकला की प्रत्येक वळीला सावली मिळते. म्हणजे येथील अमूर्तता विशिष्ट वेळी, विशिष्ट ठिकाणी थांबून पाहण्यातून येते. ती वास्तवाकडे फिरविलेली पाठ नसून वास्तवाचे अधिक बारकाईने केलेले निरीक्षण आहे. आरंभी नोंदविलेला आक्षेप या पातळीवर टिकत नाही.

उल्हास खोऱ्यातील कसोटी

हाच निकष अंबरनाथच्या शिवमंदिरास लागू पडतो. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर. १८६८ मध्ये सर जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली त्याची रेखाटने, साचे व छायाचित्रे तयार करण्यात आली. शिल्प जास्तीत जास्त स्पष्ट दिसावे, हा त्या कामाचा हेतू होता व तो योग्यच होता. परंतु मंदिराचे शिखर पूर्ण नाही. सभामंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात गेल्यावर प्रकाश वरून, उघड्या आकाशातून येतो. काळ्या पाषाणावर दिवसभर सरकणारा हा उजेड दस्तऐवजी छायाचित्रात सामावत नाही. त्यासाठी मोहमदी यांच्यासारखी दृष्टी हवी. बदलापूरच्या परिसरात आषाढात पाण्याने भरलेली भातखाचरे आणि त्यांत उतरलेले ढगाळ आभाळ पाहणाऱ्यासही याच दृष्टीची गरज भासेल.

मात्र याच मंदिराच्या काठाने वालधुनी वाहते, आणि येथे निकष अपुरा पडतो. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे जाते. कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात रसायन सोडले गेल्याने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला होता. अशा पाण्यावरील फेस व तवंग सकाळच्या उन्हात कॅमेऱ्यास मोहक दिसतात. क्षितिज वगळले, रंग काढून टाकला आणि शीर्षक दिले नाही, तर हे छायाचित्र किहीमच्या वाळूइतकेच शांत भासेल. पण तेथे रेषा भरतीने आखलेली होती. येथे ती माणसाच्या कृत्याने आखलेली आहे. रंग हा येथे अलंकार नसून पुरावा आहे. तो गाळणे म्हणजे पुरावा गाळणे होय.

या पेचातून मार्ग दाखविणारे उदाहरण म्हणजे कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की. सडबरी येथील निकेलच्या खाणीतून बाहेर पडणाऱ्या, केशरी प्रवाहासारख्या दिसणाऱ्या टाकाऊ द्रव्याचे त्यांचे १९९६ मधील छायाचित्र प्रथमदर्शनी अमूर्त वाटते. पण शीर्षकात पदार्थाचे व स्थळाचे नाव आहे. डोळा प्रथम सौंदर्याने थांबतो आणि शीर्षक वाचल्यावर अस्वस्थ होतो. या अस्वस्थतेसाठी सौंदर्य सोडावे लागत नाही. मात्र सौंदर्यामुळेच परिणाम मवाळ होतो, हा त्यांच्यावरील आक्षेपही पूर्णपणे डावलता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. अमूर्त छायाचित्रण हे वास्तवविन्मुख असतेच असे नाही. मोहमदी यांच्या छायाचित्रांत ते एकाग्र निरीक्षणाचे फलित आहे. शीर्षकाचा अभाव हा त्यांच्या छायाचित्रांचा गुण असला, तरी तो सार्वत्रिक नियम होऊ शकत नाही. निसर्गाने घडविलेल्या रूपाबाबत कलावंताने मौन पाळले तर प्रेक्षकाचे पाहणे मोकळे होते. माणसाने बिघडविलेल्या रूपाबाबत तेच मौन त्याची दिशाभूल करते. अंबरनाथच्या मंदिराजवळ उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या एका हाताला हजार वर्षांपूर्वीचा पाषाण व दुसऱ्या हाताला वालधुनी असते. दोहोंवर पडणारा प्रकाश एकच असला, तरी दोन्हींचे छायाचित्र एकाच रीतीने घेता येत नाही, हा विवेक त्याला देणे हे कलाशिक्षणाचे काम आहे.