तीन न्यूट्रिनोंवर टेकलेला निष्कर्ष

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी दुपारी १ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास मुरगूडच्या जमिनीतून, दर चौरस सेंटिमीटरमागे हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो वर निघून गेले. वर अशासाठी, की मोठ्या मॅगेलन मेघातील तो फुटणारा तारा, म्हणजे अतिनवतारा १९८७ए, त्या वेळी येथील क्षितिजाखाली होता. (एरवीही मुरगूडहून तो दक्षिणेस जेमतेम ४ अंश वर येतो. डोंगर आड आला की संपले!)

या स्फोटावरून ॲक्सिऑन या कल्पित कणाविषयी काढलेला निष्कर्ष लोकप्रिय लेखांत फार ठामपणे सांगितला जातो. तो तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

तर्क असा. गाभा कोसळताना सुमारे ३ × १०^४६ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेथील द्रव्य इतके दाट असते, की न्यूट्रिनोंनाही बाहेर झिरपायला काही सेकंद लागतात. ॲक्सिऑनची द्रव्याशी आंतरक्रिया त्याहूनही क्षीण असेल, तर ते सरळ निसटतील. झाकण सरकलेला आमटीचा टोप लवकर निवतो, तसा गाभा लवकर थंड होईल आणि न्यूट्रिनोंचा झोत आखूड पडेल. प्रत्यक्षात झोत बारा सेकंद टिकला. सबब इतक्या ऊर्जेची चोरी करणारे ॲक्सिऑन नाहीत.

तर्क सुंदर आहे, पण आकडे पाहा. जपानच्या कामिओकांडेत ११ संकेत मिळाले. त्यांतले ८ पहिल्या दोन सेकंदांत; मग सात सेकंद शांतता; मग ३. अमेरिकेतील आय.एम.बी.चे ८ संकेत सहा सेकंदांच्या आत संपले, तर बक्सानचे ५ सुमारे नऊ सेकंदांत आले. म्हणजे 'बारा सेकंद' या शब्दांचा बराचसा भार तीन कणांवर आहे! विद्यार्थ्यांना हे ११ ठिपके वेळेच्या रेषेवर जरूर काढायला लावावेत.

२०२० मध्ये बार, ब्लम व द'आमिको यांनी नेमके येथेच बोट ठेवले. गाभ्याचे कृष्णविवर झाले असेल, तर हे उशिराचे न्यूट्रिनो त्याभोवतीच्या तबकडीतूनही येऊ शकतात; मग गाभा निवण्याचा हिशेबच लागू होत नाही. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीने तेथे आयनीभूत अरगॉन व गंधकाच्या रेषा टिपल्या. त्या न्यूट्रॉन ताऱ्याकडे निर्देश करतात. त्यामुळे आक्षेप दुबळा झाला. संकेत मात्र तीनच राहिले. आमच्या मते ही मर्यादा अंदाज म्हणून शिकवावी, मोजमाप म्हणून नव्हे.

दुसरी वाट आम्हांस अधिक भरवशाची वाटते. चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनसदृश कणांचे गॅमा किरणांत रूपांतर होऊ शकते. १९८७ साली सूर्याकडे रोखलेल्या सोलर मॅक्सिमम मिशन या उपग्रहाच्या उपकरणाला न्यूट्रिनोंच्या वेळी असे जादा गॅमा किरण आढळले नाहीत. येथे त्या तीन संकेतांची गरज पडत नाही, जरी गाभ्याच्या तापमानाचे गणित लागतेच.

आपल्या आकाशगंगेत तारा फुटला, तर सुपर-कामिओकांडेत हजारो न्यूट्रिनो नोंदले जातील. गॅमा किरणांसाठी मात्र नेमक्या त्या दहा सेकंदांत दुर्बिणीचे तोंड तिकडे असायला हवे. २००८ पासून फिरणारी फर्मी दुर्बीण एका वेळी आकाशाचा सुमारे पाचवा भागच पाहते.