एका रात्रीची गर्दी आणि वर्षभराचे प्रेक्षक

आजचं बोलणं आम्ही तिघांनी मिळून तयार केलंय, म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतोय. विषय आहे महिला फुटबॉलचे प्रेक्षक. ते वाढले पाहिजेत यावर कुणाचं दुमत नाही. पण ते कसे वाढवायचे, याची जी ठरलेली उत्तरं दिली जातात ती आम्हाला पटत नाहीत. आज त्याचीच चिकित्सा करायची आहे.

एका तारखेपासून सुरुवात करू. 30 ऑक्टोबर 2022. आपल्यापासून खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला 1-0 असं हरवलं. तो एकमेव गोलसुद्धा 82व्या मिनिटाला झालेला स्वयंगोल.

आता त्याच मैदानावर बरोबर तीन वर्षांनी या. 30 ऑक्टोबर 2025. महिला क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य 339. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127 करते आणि भारत जिंकतो. तीन दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला, तरी लोक थांबून राहिले. भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. त्या रात्री उरणपासून पनवेलपर्यंत फटाके वाजत होते.

मैदान तेच, तारीख तीच, दोन्हीकडे खेळणाऱ्या मुलीच. मग पहिल्या तारखेचं आपल्या भागात काय उरलं आणि दुसरीचं काय उरलं?

याचं नेहमीचं उत्तर तुम्हाला पाठ असेल. क्रिकेट हा आपला धर्म आहे, आणि शेवटी लोक जिंकणाऱ्यांच्याच मागे जातात. यात तथ्य आहे, आम्ही ते नाकारत नाही. 2022च्या त्या स्पर्धेत भारताच्या मुली भुवनेश्वरला खेळल्या आणि अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5 अशा हरल्या. असे आकडे वाचून कुणी तिकीट काढायला धावत नाही. पण जरा 2017 आठवा. लॉर्ड्सवर आपल्या मुली विश्वचषकाचा अंतिम सामना 9 धावांनी हरल्या, आणि त्या हरण्यानंतरच महिला क्रिकेट घराघरात पोचलं. म्हणजे नुसत्या जिंकण्याने सगळं ठरत नाही.

उलट बाजूही बघा. 5 जुलै 2025 रोजी थायलंडमध्ये चियांग माईला भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडला 2-1 हरवलं आणि आशिया चषकाचं तिकीट मिळवलं. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची आपली ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आता इथल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय, हात वर करा. ऑनलाइन वाचणाऱ्यांनीही मनातल्या मनात करा. हात कमी आहेत. यात तुमचा दोष नाही. जिंकून आलेल्या बाईचं नाव तुमच्यापर्यंत पोचवणारी वाटच तयार झालेली नाही.

दुसरं उत्तर असतं: प्रवेश मोफत ठेवा, मोठं मैदान घ्या, लोक येतील. हेही अर्धंच खरं आहे. डिसेंबर 2022मध्ये डी. वाय. पाटीलवरच भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-20 सामन्यांना प्रवेश मोफत होता आणि 11 डिसेंबरच्या सामन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं आली. सामना सुपर ओव्हरमध्ये गेला, भारत जिंकला. पण ती माणसं काय फुकट मिळतंय म्हणून आली होती का? सांगलीची स्मृती मानधना त्यांना आधीपासून माहीत होती. फुकट तिकिटाने दार उघडलं, पण दारापर्यंत लोक आले ते ओळखीमुळे.

आणि पुढचं जास्त महत्त्वाचं. मार्च 2023मध्ये डब्ल्यूपीएलचा पहिला हंगाम झाला तो सगळा डी. वाय. पाटील आणि ब्रेबॉर्न या दोन मैदानांवर. मुली आणि बायकांना प्रवेश मोफत. त्याच डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी इथेच, 2024च्या डिसेंबरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्धचे टी-20 सामनेही इथेच. त्याच त्या मुली पुन्हा पुन्हा त्याच मैदानावर येत राहिल्या. 2025ला जे स्टेडियम भरलेलं दिसलं ते तीन वर्षं भरत आलेलं होतं. प्रेक्षक असा साठत जातो, बचत गटाच्या पैशासारखा.

याउलट फुटबॉलकडे बघा. जानेवारी 2022मध्ये महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. करोनाच्या सावटाखाली भारताचा इराणशी पहिला सामना रिकाम्या स्टँडसमोर 0-0 बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्याआधी संघातच इतकी लागण झाली की नियमाने लागणाऱ्या किमान तेरा जणी उभ्या करणं अशक्य झालं आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. ते दुर्दैव म्हणू. पण ऑक्टोबरच्या विश्वचषकानंतर काय? देशातली महिला लीग 2023-24पासून घरच्या आणि परक्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली, ही चांगली गोष्ट झाली. त्या हंगामात 7 संघ होते, पुढच्या हंगामात 8. दोन्ही वर्षी महाराष्ट्राचा एकही संघ त्यात नव्हता. म्हणजे 2022ला फुटबॉल पाहून आलेल्या एखाद्या मुलीला पुढच्या वर्षी आपल्या राज्यात या लीगचा सामना बघायचा असता, तर तो नव्हताच.

यावर आमचा खरा आक्षेप आहे. मोठी स्पर्धा आणली की प्रेक्षक आपोआप वाढतो, असं आपण धरून चालतो. त्या कोलंबियाच्या संघात लिंडा कैसेडो नावाची मुलगी होती. दुसऱ्याच वर्षी ती मोठ्यांच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल करून जगभर गाजली. ती नेरूळला खेळून गेली होती! तिची गोष्ट मराठीत कुणी सांगितली असती, तर 2023ला 'ही तर आपल्याकडे आलेली पोर' म्हणत कितीतरी जणींनी टीव्ही लावला असता.

'मराठी माणसाला फुटबॉल नकोच' असं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरला जावं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की काय होतं ते बघावं. तिथे माणूस आपल्या पेठेसाठी येतो. त्याच शहराचा मुलींचा कोल्हापूर सिटी संघ 2019-20मध्ये देशाच्या लीगमध्ये खेळला, पण तेव्हा अंतिम टप्प्याचे सगळे सामने बंगळुरूत भरले. फुटबॉलवेडं शहर आणि त्याच्याच मुली यांची गाठ पडली नाही.

प्रेक्षक नसतातच, हेही खोटं. 1920च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर कारखान्यातल्या मुलींचा सामना बघायला त्रेपन्न हजार माणसं होती. वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं महिलांना बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं. प्रेक्षक होते. मैदान काढून घेतलं गेलं. आणि आजच्या बार्सिलोनाचं उदाहरण देताना 2022च्या कॅम्प नोऊवरच्या एक्क्याण्णव हजारांचा आकडा सगळे सांगतात. पण तो संघ एरवी खेळतो सहा हजार खुर्च्यांच्या छोट्या मैदानावर. मोठं मैदान सणाचं, छोटं मैदान रोजच्या जेवणाचं. आपण नुसते सण साजरे केले.

आता करंजाबद्दल बोलू. 2022चा तो अंतिम सामना रात्री होता. तेव्हा उरणची लोकल सुरू झालेली नव्हती, गाडी खारकोपरपर्यंतच यायची. इथल्या एखाद्या मुलीने आईला विचारलं असतं, तर आईचा पहिला प्रश्न तिकिटाचा नसताच. 'परत कशी येणार, आणि सोबत कोण?' हाच असता. जानेवारी 2024मध्ये लोकल उरणपर्यंत आली, पण फेऱ्या मोजक्या, आणि स्टेशनपासून करंजापर्यंत रात्री रिक्षा मिळेल याची खात्री नाही. जी बाई पहाटे मच्छी घ्यायला उठते आणि संध्याकाळी सुकत घातलेली उचलते, तिच्याकडे रात्रीचे चार तास कुठून येणार? बायकांना मोफत प्रवेश देणारे या चार तासांचा हिशोब करत नाहीत. सामना दुपारी चारला ठेवला आणि उरणला जाणारी एक बस मैदानाच्या दारात उभी केली, तर तेवढ्याने जास्त फरक पडेल.

आणि आपणही आपल्याकडे बघू. आपल्या आगरी-कोळी गावांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा होतात. मांडव, लाऊडस्पीकर, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, टी-शर्टवर गावाचं नाव. गावातल्या मुलाने षटकार मारला की समालोचक त्याच्या बापाचं, आळीचं नाव घेऊन ओरडतो. प्रेक्षक कसा घडवायचा, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. ही विद्या आपल्याकडे आहे, फक्त ती आपण मुलींसाठी वापरलेली नाही. मैदानावर मुली येतात त्या बहुतेक वेळा पाहुण्यांना हार आणि गुच्छ द्यायला.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. पुढच्या स्पर्धेत उपांत्य फेरी आणि अंतिम सामन्याच्या मधल्या वेळेत वीस मिनिटं मुलींच्या फुटबॉलला द्या. सात-सात जणी, दोन आळ्यांचे संघ, तोच लाऊडस्पीकर, तोच समालोचक. त्याने मुलींची नावं घ्यावीत, आईच्या नावासकट. आणि हे एकदाच नको, दर वर्षी व्हावं. पहिल्या वर्षी लोक हसतील, चहा प्यायला उठून जातील. जाऊ द्या. तिसऱ्या वर्षी कुणीतरी विचारेल, 'गेल्या वेळी गोल मारलेली ती पोर यंदा आहे ना?'

हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी करंजात महिला फुटबॉलचा पहिला प्रेक्षक तयार झाला असं आम्ही समजू. नेरूळच्या स्टेडियमचं त्यानंतर बघू.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि आज पहिला प्रश्न मागे उभ्या असलेल्या मुलींपैकी कुणीतरी विचारावा, अशी आमची विनंती आहे.