विजेचा धडा आणि भाटघरचे पाणी

बालभारतीने 2018 साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण आहे. पाठ्यपुस्तकांतील चांगल्या प्रकरणांत त्याची गणना करायला हवी. इंधन कोळसा असो, वायू असो की युरेनियम, शेवटी टर्बाइन फिरवून जनित्र चालवायचे, हे त्यातल्या ओघतक्त्यांवरून मुलांना चटकन उमगते. तक्रार आहे ती जलविद्युतेच्या भागाबद्दल.

धरणात पुरेसा साठा असला की हवी तेव्हा वीज निर्माण करता येते, असा एक फायदा तिथे सांगितला आहे. कोयनेच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण भोरच्या विद्यार्थ्याने हे वाचून जवळच्याच भाटघरकडे पाहिले तर?

वेळवंडी नदीवरचे हे धरण 1920च्या दशकात बांधले गेले ते नीरेच्या कालव्यांसाठी. बारामती, फलटण भागातली शेती त्यावर उभी राहिली. वीजगृह आले 1977 साली, म्हणजे सुमारे अर्ध्या शतकानंतर! ते 16 मेगावॅटचे आहे. मात्र ते केव्हा चालणार हे मुख्यतः शेतीच्या पाण्याचे आवर्तन ठरवते. वीज हे इथले जोडउत्पन्न.

आता थोडा हिशेब करू; तो नववी-दहावीच्या मुलांना सहज जमेल. पाणी सरासरी 40 मीटर उंचीवरून पडते आणि यंत्रांची कार्यक्षमता 85 टक्के आहे असे मानू. एक घनमीटर पाण्यापासून सुमारे 0.09 युनिट वीज मिळेल. म्हणजे एका युनिटला जवळजवळ 11 हजार लिटर, एक मोठा टँकरभर पाणी! धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 23.5 टीएमसी, म्हणजे साधारण 66.5 कोटी घनमीटर. तो एकदा पूर्ण वापरला तर 6 कोटी युनिट होतात. उलट, 16 मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर 14 कोटी युनिट व्हायला हवीत. पुस्तकातील वीजकेंद्रांच्या तक्त्यात फक्त मेगावॅट दिले आहेत. त्यांवरून वर्षाकाठी किती वीज मिळते हे कळत नाही, आणि ते कळत नाही हेही मुलांना कुणी सांगत नाही.

कोयनेचे पाणी सह्याद्रीखाली सुमारे पावणेपाचशे मीटर पडते. तिथे एका घनमीटरला एक युनिटहून थोडी अधिक वीज मिळते. भाटघरच्या बारापट! मग सगळेच पाणी पश्चिमेला का सोडू नये? कारण ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते आणि कृष्णा खोऱ्यातील शेतीला कायमचे मुकते. म्हणूनच बच्छावत लवादाने या वळवण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. भाटघरला टर्बाइनमधून सुटलेले पाणी पुढे उसाला मिळते. वीज थोडी, पण पाणी दोनदा कामाला येते. आपल्यासारख्या देशात जलविद्युतेचा खरा प्रश्न हा आहे. पुस्तकातील फायद्या-तोट्यांच्या यादीत तो कुठेच सापडत नाही.

उन्हाळ्यात भाटघरचा जलाशय ओसरला की कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे देऊळ पाण्याबाहेर येते. लोक ते पाहायला जातात. त्यांत आपले विद्यार्थीही असतील. देऊळ दिसू लागले याचा भौतिकशास्त्रातला अर्थ असा की पाणीही घटले आणि त्याची उंचीही. पंखे सर्वांत जास्त फिरतात त्याच महिन्यांत! ‘हवी तेव्हा वीज’ हे वाक्य तपासायला याहून चांगली सहल कोणती?

वेल्हे भागात (तालुक्याचे नाव आता राजगड) पानशेत आणि वरसगाव इथे 8-8 मेगावॅटची वीजगृहे आहेत. तिथले पाणी खाली खडकवासल्याला जाते. त्यावर पहिला हक्क पुण्याच्या नळांचा, मग कालव्याचा. तिथल्या शिक्षकांनी हाच हिशेब पानशेतची उंची आणि साठा घेऊन मुलांकडून करवून घ्यावा.