टिळकांचा दरबार : वैराग्य की संस्थाबदल?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. या घटनेकडे पाहण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. टिळक कवी, त्यात मनस्वी. वैराग्य आले आणि निघाले. मीही बरीच वर्षे हेच मानत आलो. आज ते मत मागे घेतो.

१८१३ साली मुंबईत आलेले हे मिशन टिळकांच्या काळात शतक ओलांडलेली संस्था होते. शाळा होत्या, चर्चे होती, १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ होता. अशी जुनी संस्था बदलाला सरसकट विरोध करत नाही. जो बदल तिच्या तिजोरीपर्यंत पोचत नाही, तो ती आनंदाने सामावून घेते. कृष्णराव सांगळे यांचे ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीच रुजले होते. टिळकांचे अभंग आणि भजनेही मंडळ्यांनी उचलून धरली. त्यांच्याच हाती ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग आला. यातल्या कशालाही मिशनची आडकाठी नव्हती.

अडचण होती ती दुसरीकडे. पैसा परदेशातून येई, म्हणून निर्णयही तिकडच्या माणसांच्या हाती राहत, आणि देशी उपदेशक ओघानेच पगारी नोकर ठरे. टिळकांनी वेतन सोडले तेव्हा नेमक्या या गाठीला हात घातला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. म्हणजे सभासद कोण, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी संस्थेकडून काढून घेतला. याला केवळ वैराग्य म्हणणे हा त्यांच्या बुद्धीवर अन्याय आहे.

पण समीक्षा करायची तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दरबाराला टिळकांखेरीज आधार नव्हता. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार पुढे उभा राहू शकला नाही. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. कविता दुसऱ्याच्या हातून पुरी होऊ शकते. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था तशी पुरी होत नाही. लक्ष्मीबाईंची वाट मला इथे अधिक शिकवून जाते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्या मात्र पुढे काही वर्षे सोवळे पाळत राहिल्या आणि स्वतः विचार करूनच त्यातून बाहेर पडल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की पटल्याशिवाय त्या हललेल्या नाहीत, आणि म्हणूनच पुन्हा मागे गेल्या नाहीत. इतरांना पटेपर्यंत थांबण्याइतका वेळ टिळकांना मिळाला नाही. आणि तेवढा धीर त्यांच्या स्वभावातही नव्हता.

दरबाराचा विचार मात्र विझला नाही. टिळकांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. चर्चची एकजूट वेगळ्या वाटेने, सावकाश झाली : १९२९ साली सुरू झालेल्या वाटाघाटींतून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. एकेचाळीस वर्षे लागली. त्या संथपणात कवीचे तेज नाही, पण माणसे बदलली तरी काम चालू राहील अशी व्यवस्था आहे.

काही वर्षांपूर्वी नगरच्या एका चर्चमध्ये रविवारी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या आजी पुस्तक न उघडता टिळकांचे गीत म्हणत होत्या. उपासना संपल्यावर मी दरबाराविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “गाणी ठाऊक आहेत बाबा, दरबाराचं कुणी सांगितलं नाही.”

चर्चने टिळकांचे काय ठेवले आणि काय बाजूला सारले, ते एवढ्यात आले. आणि मराठी समीक्षेने तरी याहून वेगळे काय केले? आपणही गाणीच ठेवली.