मित्राची गोष्ट आणि बापूचे कान

विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी येण्याचा तो पहिला ठळक प्रसंग. या नाटकावर नाट्यसमीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. ईशज्ञानाच्या पत्रिकेत त्याचा परामर्श कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर एवढेच की, प्रस्तुत लेखकाच्या मते हे नाटक जितके मित्राचे आहे तितकेच तिचे ऐकून घेणाऱ्या बापूचे आहे. आणि ऐकणे हा तर आपला व्यवसाय आहे.

गेल्या पावसाळ्यात निपाणीजवळ आमच्या भागातील काही धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यासमवेत आम्ही हे नाटक वाचले. दोन दुपारी लागल्या. पहिला अंक संपताच एक ज्येष्ठ मास्तर म्हणाले, "फादर, हे आपल्याकडे नवं नव्हे. येल्लम्माचे जोगते काय वेगळे असतात?" सीमाभागातल्या माणसाच्या मनात हा विषय निघताच प्रथम सौंदत्तीचा डोंगर उभा राहतो, हे खरेच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमांना कोल्हापूर-सांगलीपासून माणसे लोटतात. हातात चौंडकं, डोक्यावर जग, अंगावर लुगडे ल्यालेला पुरुष आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. तथापि मास्तरांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

गडहिंग्लज भागातले लेखक राजन गवस यांनी 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांतून देवीला वाहिलेल्या स्त्रीपुरुषांचे जिणे मराठीत आणले. त्यांच्या आधाराने राजीव पाटील यांनी 'जोगवा' हा चित्रपट काढला. तो २००९ साली लोकांपुढे आला व त्याला राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. उपेंद्र लिमये यांनी साकारलेला तायाप्पा हा मुळात धडधाकट पुरुष. गावाने आणि घराने देवीच्या भयापोटी त्याच्या अंगावर लुगडे चढविलेले. सुलीच्या प्रेमातून त्याला आपले पुरुषपण परत गवसते. आमच्यापैकी बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेला होता, आणि त्याच्या शेवटाने आम्हां सर्वांना समाधान दिले होते. ते समाधान आता मला थोडे संशयास्पद वाटते. अंधश्रद्धेने लादलेले वस्त्र उतरविले की खाली आपल्या ओळखीचा मनुष्य सापडतो, असा दिलासा तो चित्रपट आपल्याला देतो. तायाप्पापुरता तो यथार्थ आहे. परंतु ज्याच्या अंगावर कोणीही काही चढविलेले नाही, ज्याचे वस्त्र चारचौघांसारखेच आहे आणि वेगळेपण आतच आहे, त्याच्याविषयी 'जोगवा' काहीच सांगत नाही. जोगत्यांमध्येही असे काही असतात की जे भयाने नव्हे तर आपल्या स्वभावाला जागा मिळावी म्हणून देवीकडे गेले. त्यांना देवीच्या अंगणात जागा मिळाली, ती त्यांना आपल्या अंगणात का मिळू नये, हा प्रश्न सौंदत्तीवर टीका करताना आपण सहसा स्वतःला विचारत नाही.

मित्रा ही तायाप्पा नव्हे. तिच्यावर कोणी काही लादलेले नाही. लादण्याचा प्रयत्न झाला तो उलट दिशेने. आपण इतर मुलींसारख्या नाही, हे तिला कळते, आणि ते कळल्याचे ती बापूला सांगते. बापू हा बुजरा, सरळमार्गी विद्यार्थी. सगळी हकीकत तोच आपल्याला सांगतो, आणि या रचनेत तेंडुलकरांचे मोठे शहाणपण आहे. मित्राचे आपल्याला जे कळते ते बापूच्या आठवणीतून. त्याला जे उमगले नाही ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. एखाद्या माणसाविषयी धर्मग्रामात जी माहिती फिरत असते तीही अशीच कोणा ना कोणा बापूच्या कानातून गाळून आलेली असते.

बापू चांगला श्रोता आहे काय? आमच्या वाचनात यावर बराच खल झाला. तो ऐकतो, दूषण देत नाही, गुपित राखतो, मित्रा आणि नमा यांना भेटता यावे म्हणून आपली खोलीही देतो. पण मित्राने आपल्याला निवडले याचा त्याला आत कोठेतरी अभिमान आहे. धर्मगुरूंनी येथे थांबून विचार करावा. कोणी आपले अंतःकरण आपल्यासमोर उघडते तेव्हा आपल्याही मनात तो सूक्ष्म अहंकार डोके वर काढतो. आणि ज्या दिवशी त्या माणसाची संगत अडचणीची ठरते, त्या दिवशी हाच अहंकार प्रथम मागे सरतो. बापूचे तसेच होते. कॉलेजात कुजबूज वाढते, मन्या दळवीसारखा दांडगट मध्ये पडतो, आणि बापूचे ऐकणे हळूहळू आटत जाते. मित्रा अखेर आत्मघात करते. बापूपाशी उरते ती बोच.

मित्राला तेंडुलकरांनी निष्पाप केलेले नाही, हे या नाटकाचे मला सर्वांत मोलाचे अंग वाटते. ती हट्टी आहे. नमावरचे तिचे प्रेम मालकी गाजविणारे आहे. बापूला ती वापरून घेते. आमच्यातील एका तरुण धर्मगुरूंना हे खटकले; अशा व्यक्तीविषयी करुणा कशी वाटावी, असे त्यांनी विचारले. मला वाटते, आपली सहानुभूती केवळ दोषरहित पीडितांसाठीच आपण राखून ठेवतो, हे त्या प्रश्नातून उघड झाले. प्रभूने शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर संभाषण केले ते तिचा पूर्वेतिहास स्वच्छ होता म्हणून नव्हे.

नाटकाचा दोष सांगायचा तर तो शेवटाचा. मित्राला मरणाखेरीज वाट दिलेली नाही. १९८१ साली कदाचित दुसरी वाट नाटककारालाही दिसली नसेल. पण 'जोगवा' आणि 'मित्राची गोष्ट' शेजारी ठेवली की दिसते, तायाप्पा 'बरा' होतो आणि मित्रा मरते. तिसरी गोष्ट या दोन्ही कृतींत नाही. जी व्यक्ती बरीही होत नाही आणि मरतही नाही, रविवारी मिस्साला येऊन तिसऱ्या रांगेत बसते, आईचे औषधपाणी करते, गायकवृंदात गाते, तिची गोष्ट. आपल्याकडे येते ती बहुधा हीच.

येथे मतभेदाचा मुद्दा टाळता येणार नाही. प्रस्तुत लेखक ख्रिस्तसभेची शिकवण शिरोधार्य मानतो. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात समलिंगी कृत्यांविषयीचा निर्णय कठोर शब्दांत दिलेला आहे. आणि लगेच पुढच्याच परिच्छेदात अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा, अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही सांगितले आहे. आपल्यापैकी काहीजण पहिला परिच्छेद पाठ करतात, काहीजण दुसरा. ख्रिस्ती समाजात एकमत नाही हे उघड आहे. भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाच्या वादात उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अ‍ॅपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स या संस्था सर्वोच्च न्यायालयात कलम राखण्याच्या बाजूने उभ्या राहिल्या; तर २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, ख्रिस्तसभेने अशा व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे जाहीरपणे म्हटले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने संमतीने होणाऱ्या प्रौढांच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरविले. डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून आशीर्वादासंबंधीचे निवेदन आले तेव्हा आफ्रिकेतील बिशपांनी त्यास नकार कळविला. वाद मिटलेला नाही, आणि तो या लेखात मिटविण्याचा माझा इरादाही नाही.

वाचनाच्या दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यांनी मुद्दा मांडला की, अशा वेळी नुसते ऐकत राहणे म्हणजे होकार देणेच होय. हा आक्षेप हलका नाही. त्याला उत्तर म्हणून मी प्रेषितांच्या कृत्यांतील आठवा अध्याय पुढे केला. कूशी षंढ यशया वाचत रथातून चालला आहे. फिलिप धावत जाऊन प्रथम त्याचे वाचन ऐकतो, मग एक प्रश्न विचारतो, मग बोलावल्यावर रथात चढून त्याच्याशेजारी बसतो. मुख उघडतो ते त्यानंतर. बाप्तिस्म्याला काय हरकत आहे, असे षंढाने विचारले तेव्हा अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातील मनाईचे वचन फिलिपला ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. पण तो षंढ जो ग्रंथ वाचत होता त्याच्याच छप्पन्नाव्या अध्यायात देवाने षंढांना पुत्रकन्यांहून श्रेष्ठ नाव देण्याचे अभिवचन दिलेले आहे. षंढ म्हणजे आजचा समलिंगी मनुष्य नव्हे. तशी ओढाताण मी करीत नाही. मला क्रम दाखवायचा होता. फिलिप गप्प राहिला नाही, त्याने सुवार्ता सांगितलीच. मात्र रथात बसल्यावर.

बेळगावकडे सेवा करणाऱ्या धर्मगुरूला कोंकणी, मराठी, कन्नड अशा तीन भाषांत पापनिवेदन ऐकावे लागते. माझे कन्नड कच्चे आहे. म्हणून कन्नड माणूस बोलू लागला की मी पुढे झुकतो, पुन्हा सांगा म्हणतो, समजले ते बरोबर का असे विचारतो. मराठीत मात्र समोरच्याचे वाक्य मीच पुरे करतो. (१९५६ पासून सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांची वाक्ये पुरी करण्याचेच काम चालू आहे, पण तो विषय निराळा.) माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक मराठीतच घडली.

हे संभाषण पापनिवेदनातले नव्हे, आणि ओळख पटेल असे काहीही मी येथे ठेवलेले नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण मिस्सानंतर थांबला. "फादर, घरचे लग्न ठरवताहेत. मला जमणार नाही असं वाटतं," एवढे तो म्हणाला. "अरे, सगळ्यांनाच भीती वाटते," असे सांगून मी त्याचे वाक्य पुरे केले. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा मला उमगले, आणि उमगताक्षणी मी रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात करून बराच वेळ बोललो. मी जे सांगितले त्यात शिकवणीविरुद्ध एकही शब्द नव्हता. तो "बरं, फादर" म्हणाला आणि गेला. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात झाले. दोन वर्षांनी मुलगी माहेरी परत आली. तिची आई मला बाजारात भेटली आणि सर्वांदेखत तिने विचारले, "तुम्हांस्नी ठाऊक हुतं काय, फादर?"

मी बापूवर टीका केली ती या बाईंचा प्रश्न कानात असताना. मी ऐकले नाही त्याची किंमत त्या तरुणाने दिली, आणि जिने माझ्याशी कधी एक शब्दही बोलला नव्हता अशा एका मुलीनेही दिली. तेंडुलकरांच्या नाटकात ही मुलगी नाही. असती तर, न ऐकण्याचा परिणाम एका माणसापाशी थांबत नाही, हे प्रेक्षकांना अधिक स्पष्ट दिसले असते, असे मला वाटते.

वाचन संपले तेव्हा मतभेद होते तेथेच राहिले. आक्षेप घेणारे सहकारी आपल्या मतावर ठाम आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. एका गोष्टीवर मात्र आम्हा सर्वांचे जुळले. विवाहपूर्व मार्गदर्शनात वर आणि वधू यांना स्वतंत्रपणे, निदान दोन वेळा, वडीलधाऱ्यांवाचून भेटावयाचे. 'हे लग्न तुला हवे आहे काय?' एवढेच विचारावयाचे, आणि उत्तर येईपर्यंत आपण बोलावयाचे नाही. मास्तरांनी विचारले, किती वेळ थांबावयाचे? ते आम्ही ठरविलेले नाही.