बडग्याची बातमी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात इतवारीच्या रस्त्यांवर काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सोबतचे छोटे पुतळे, म्हणजे बडगे, मात्र दरवर्षी नवे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, खड्ड्यांचा. लोकपरंपरा म्हणून या मिरवणुकीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला ती आवडते ती आणखी एका कारणाने. वर्तमानपत्राच्या डेस्कवर ज्याने प्रेसनोटांचे गठ्ठे उपसले आहेत, त्याला बडग्या पाहताच जाणवतं की पत्रकारापर्यंत आपलं म्हणणं कसं पोचवायचं, हे या गल्ल्यांना फार आधीपासून उमगलेलं आहे.

बडग्या जरा जवळून पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर कागद आणि रंग, भलंमोठं डोकं, गळ्यात फलक. एका बडग्याला एकच तक्रार. फलकावर शब्द थोडे आणि अक्षरं ठळक, त्यामुळे गर्दीत हात उंचावून फोटो काढणाऱ्याला चेहरा आणि मजकूर एकदमच मिळतो. चार कॉलमांचा फोटो जागेअभावी दोन कॉलमांचा झाला, तरी तक्रार वाचता येते. मथळा बडग्याच्या गळ्यातच असतो. मिरवणूक संपली की बडगे जाळतात. मग उरतो तो दुसऱ्या दिवशीच्या अंकातला फोटोच.

आणि ती आरोळी! ‘घेऊन जा गे मारबत’ एवढं ठरलेलं. त्याच्या आधीची जागा मोकळी. कुणी तिथे खोकला-ताप घालतं, कुणी भ्रष्टाचार. शतकाहून जुनी हाक आणि या वर्षीचं दुखणं एकाच दमात बाहेर पडतं. वार्ताहर नेमकं हेच शोधत असतो: वाचकाच्या ओळखीचं काही, आणि त्यात आज नवं काय. शिवाय दिवस पंचांगातच ठरलेला. आमंत्रणाचा फोन नाही, आठवणीचा फोन नाही. छायाचित्रकार आपणहून चौकात हजर.

आता संस्थांकडून येणारी नेहमीची प्रेसनोट आठवा. पहिल्या परिच्छेदात अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार. ठराव काय झाला ते शेवटून दुसऱ्या ओळीत. खाली ‘कृपया प्रसिद्धी द्यावी’. दिलेल्या नंबरवर फोन लावावा, तर उचलणाऱ्याला कार्यक्रमाची काही माहितीच नसते. हे लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, पण तो आपल्या मंडळींसाठी लिहितो. बडग्या करणारा रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी करतो. पत्रकारही त्याच अनोळखी माणसासाठी राबत असतो, म्हणून त्याचं आणि बडग्याचं जमतं.

जनसंपर्काच्या पुस्तकांत पहिल्या प्रेसनोटचा मान आयव्ही ली या अमेरिकी गृहस्थाला देतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा लींनी कंपनीला तो दडवू दिला नाही; उलट पत्रकारांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. वाईट गोष्ट आपणच उजेडात आणायची, हे त्यांचं मोठेपण. इतवारीत तोवर काळ्या मारबतीला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, आणि तिचं तर कामच घरातली पीडा चौकात आणण्याचं.

मात्र बडग्यावर बातमी पुरी होत नाही. तो खड्डा दाखवतो. कुठला रस्ता, कधीपासून, किती वेळा अर्ज केला, हे सांगत नाही. जाणता वार्ताहर फोटो झाल्यावर बडग्या उचलणाऱ्या पोरांजवळ थांबतो आणि विचारतो, यंदा हाच विषय का घेतला? तिथे पाठ केलेलं निवेदन कुणी वाचून दाखवत नाही. पोरं सांगतात आपल्या गल्लीत नळ किती वाजता येतो, विजेचं बिल मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं, तक्रार घेऊन कुठल्या कार्यालयात गेलो आणि तिथे काय उत्तर मिळालं. जनसंपर्काचं काम करणाऱ्याने फोटोइतकीच तयारी या उत्तरांची ठेवावी.