ओळ फोटोच्या पोटातच

छायाचित्रकाराचं संकेतस्थळ उघडलं की मिनिटभरात कळतं, घरात माणसं राहतायत की कुलूप लागलंय. बऱ्याच ठिकाणी शेवटचा फोटो चार-पाच वर्षांपूर्वीचा असतो. फोटो काढणं थांबलेलं नसतं, चढवणं थांबलेलं असतं. साताऱ्याच्या एका छायाचित्रकार मित्राचं संकेतस्थळ मात्र कायम ताजं असतं, आणि त्यामागची मेहनत पाहणाऱ्याला कुठेही जाणवत नाही. मला त्याचं मोल वाटतं ते यासाठीच.

उघडल्यावर एकच फोटो समोर येतो. सरकत्या चित्रांची धावपळ नाही, संगीत नाही. ऑगस्ट असेल तर कासच्या पठारावरचा वायतुरा. शास्त्रीय नावातच सातारा घेऊन आलेली ही वनस्पती. चिखलात पोटावर झोपून, कॅमेरा डबक्याच्या पाण्याला जवळजवळ टेकवून घेतलेला हा फोटो. दोन फाट्यांचा जांभळट-गुलाबी तुरा, मागे जांभ्याचा ओला काळा सडा आणि धुक्यात विरलेलं क्षितिज. खाली फुलाचं नाव, गाव, आणि पाऊस थांबून किती वेळ झाला होता तेवढंच. अक्षरं ‘टायरो देवनागरी मराठी’ या टंकातली, म्हणून ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात. फोटोइतकंच ओळीकडेही कोणीतरी लक्ष दिलंय, हे तिथे कळतं.

खरी प्रतिभा आहे ती मांडणीत. निसर्ग, लग्न, व्यक्तिचित्रं असे ठरीव कप्पे इथे नाहीत. बारा महिने आहेत. मार्चमध्ये वाईजवळच्या बावधनच्या जत्रेतलं बगाड, उन्हाळ्यात सांगलीची हळद, सप्टेंबरात कासचा तेरडा. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, आणि वर्डप्रेस सहसा नवं वर ठेवून जुनं खाली ढकलतं. इथे नवा फोटो येतो तो मागच्या वर्षांच्या त्याच महिन्याशेजारी बसायला. एकाच कड्यावरची कारवी एका वर्षी नुसती हिरवी, पुढे कधीतरी निळीजांभळी, असं एका नजरेत दिसतं. सात-सात वर्षं थांबून फुलणाऱ्या झाडासाठी याहून चांगली भिंत मला सुचत नाही.

हे चालतं कसं, ते त्याच्या शेजारी बसून पाहिलं. फोटो निवडतानाच तो शीर्षक आणि ओळ फाइलीच्या पोटात लिहून ठेवतो. फोटो चढवला की वर्डप्रेस ती ओळ स्वतः वाचून फोटोखाली लावतं. पुन्हा टंकायचं काम नाही. फोटो घेतल्याची तारीखही फाइलीत असतेच, तिच्यावरून महिना ठरवणारा छोटासा कोड त्याने लिहून घेतला आहे. वर्डप्रेसच्या 2019च्या 5.3 आवृत्तीपासून मोठ्या फोटोची 2560 पिक्सेलची प्रतही आपोआप होते आणि मोबाइलकडे त्याहून लहान प्रत जाते, त्यामुळे घाटातल्या अशक्त नेटवर्कवरही पान उघडतं. बगाडाहून परतल्यावर त्याच रात्री फोटो लागलेले असतात ते या सवयीमुळे.

एक पान मात्र त्याने महिन्यांबाहेर ठेवलं आहे: ऑगस्ट 2019, सांगलीचा महापूर. ओळींत विशेषणं नाहीत, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत आहे. 45 फूट म्हणजे धोका, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. तिथे 57च्या पुढचा आकडा वाचला की फोटोतली बुडालेली दुकानाची पाटी वेगळी दिसू लागते. या पानात भर पडत नाही. ताजेपणाचा सोस कुठे आवरायचा हे उमगलेला हा माणूस आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बगाड रंगपंचमीचं, आणि रंगपंचमी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. 2021 साली ती 2 एप्रिलला आली, म्हणून कोरोनाच्या निर्बंधांतल्या त्या बगाडाचा फोटो बाकीच्या बगाडांपासून तुटून एप्रिलमध्ये एकटा पडला आहे. बाराही कप्प्यांना चैत्र ते फाल्गुन अशी नावं द्यावीत, असं मी त्याला सांगितलं आहे. मग तारखेवर भागणार नाही, दर फोटोला मराठी महिना हाताने निवडावा लागेल. तेवढे कष्ट त्याने घ्यावेत.